डावा कौल

आमच्या सासरच्या गावी देवीचं देऊळ आता सिमेंटचं आहे. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, पायऱ्यांना स्टीलचे कठडे. शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी समोर उभे राहून फोटो काढून घेतात आणि म्हणतात, काय झकास झालंय. मला मात्र तिथं पाय ठेवला की तळपायाची आग मस्तकात जाते. फरशी उन्हानं तापते, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला आज बसले आहे. सांगताना चार शिव्या जातील. त्यातल्या तीन गावाला आणि चौथी, सगळ्यात घाणेरडी, मला स्वतःला.

त्या देवळाभोवती पूर्वी राई होती. देवीची राई, आमच्याकडे देवरहाटी म्हणतात ती. देवरुखापासून एसटीनं तासभर वर गेलं की डोंगराच्या पायथ्याला गाव, आणि गावाच्या डोक्यावर ही राई. आजूबाजूचा डोंगर लाकडासाठी आणि कोळशासाठी केव्हाच बोडका करून टाकलेला. ही तेवढी उभी. बेहडा, सातवीण, किंजळ, रानजायफळ, एकेक बुंधा असा की तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. भर दुपारी आत गेलं तर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागायचा. मधोमध दगडी चौथरा, त्यावर देवीचा काळा पाषाण आणि वर चार खांबांवर मातीच्या नळ्यांचं छप्पर. देऊळ म्हणजे एवढंच. त्याला दारसुद्धा नव्हतं.

ही राई देवीनं राखली असं गाव म्हणायचं. राईतलं काहीही हलवायचं तर देवीचा कौल लागे. गुरव सकाळी पाषाण धुणार, ओल्या पाषाणाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा खुरचाफ्याच्या दोन पाकळ्या चिकटवणार, गाऱ्हाणं घालून देवीला प्रश्न विचारणार. मग सगळं गाव गप्प बसून त्या पाकळ्यांकडे बघणार. उजवी आधी पडली तर देवीची मंजुरी. डावी पडली तर नाही म्हणजे नाही, मग मंत्री आला तरी नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. मला हा सगळा प्रकार नाणेफेक वाटायचा, नाण्याऐवजी फूल एवढाच फरक.

चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाला या उघड्या देवळाची लाज वाटायला लागली होती. शेजारच्या गावांनी स्लॅब टाकले, आपली देवी अजून नळ्यांखाली, हे त्यांना सलत होतं. मंडळाचा अध्यक्ष माझा चुलतदीर. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. गोड बोलणारा माणूस, हातात कायम एक काळी बॅग. राई लाकूडवाल्याला द्यायची आणि त्यातून देऊळ उभं करायचं, असा त्यांचा बेत होता. तीन वर्षं ओळीनं शिमग्यात त्यांनी कौल मागितला आणि तिन्ही वर्षं डावी पाकळी पडली. भाऊजी चरफडत मुंबईला परत गेले. मी मनात म्हटलं, नशीब. नाणं पडतं कधीकधी तीनदा एकाच अंगावर. विज्ञानाची बाई मी, डोंबलाचं विज्ञान, त्यापुढे एक पाऊल विचार केला नाही.

पण नशिबावर किती दिवस राहणार? चौथ्या वर्षी उजवी पडली की संपलं. त्याच सुमाराला, २००४ साल असेल, पुण्याचा एक संशोधक सह्याद्रीतल्या सदाहरित रानांमधले प्राणी नोंदवत आमच्या भागात आला. शाळेत येऊन त्यानं विचारलं, इथं एखादी जुनी राई आहे का. मी त्याला आमच्या राईत घेऊन गेले. तो अर्धा तास जमिनीकडे बघत नुसता फिरला. साळिंदराचा काटा उचलला, भेकराची लेंडी चिमटीत धरून हुंगली, आणि चौथऱ्याच्या मागं एका बिळाशी गुडघ्यावर बसला. माती ताजी उकरलेली होती. म्हणाला, खवले मांजर असू शकतं. असलं, आणि पावसाळ्यापर्यंत त्याचे नि बाकीच्यांचे नीट तारीखवार फोटो मिळाले, तर ही राई राखण्यासाठी प्रस्ताव करता येईल. फोटोंशिवाय नुसतं बोलणं कुणी ऐकत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. जाताना तो चार कॅमेरे आणि रोलांची पिशवी माझ्या ताब्यात देऊन गेला.

कॅमेरा म्हणजे एक लोखंडी डबा. पोटात साधा रोलचा कॅमेरा, वर एक बारीक डोळा. समोरून ऊबदार अंग हललं की त्या डोळ्याला कळायचं आणि आपोआप फोटो निघायचा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ नारिंगी आकड्यांत उमटायची. डबा झाडाला गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्यानं बांधायचा, दर रविवारी जाऊन रोल बघायचा, सेल बदलायचे, डोळ्यावर घर केलेल्या मुंग्या झटकायच्या. छत्तीस फोटोंतले पंचवीस हलणाऱ्या फांदीचे नाहीतर कुणाच्या तरी गाईच्या पोटाचे यायचे. रोल धुवायला रत्नागिरीला जायचा, चौथ्या दिवशी देवरुखच्या स्टुडिओत पाकीट मिळायचं. ते मी एसटीच्या थांब्यावरच फोडायचे. उदमांजर आलं की दिवसभर शाळेत कुणावर ओरडायचे नाही, असं पोरं म्हणायची.

डबे लावण्याआधी गावकीची परवानगी काढायची होती. मी फर्मास मराठीत अर्ज लिहिला: राईत चार कॅमेरा-सापळे लावण्यास परवानगी मिळावी. इंग्रजीत त्याला तसंच काहीसं म्हणतात, मी आपलं शब्दाला शब्द ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. अर्ज गावकीत मोठ्यानं वाचला गेला. कॅमेरा कुणाच्या डोक्यात शिरला नाही. सापळा मात्र सगळ्यांच्या शिरला. बाई सापळा लावणार म्हणजे वाघ धरणार. धरलेला वाघ कुठं ठेवणार? कुठंतरी सोडणार. आणि कुठलातरी दुसऱ्यांनी धरलेला आपल्याकडे आणून सोडणार. मी दोन घरी जाऊन डबा उघडून दाखवला, रोल दाखवला, सेल दाखवले. माणसं मान डोलवायची आणि माझी पाठ वळली की म्हणायची, आत पिंजरा घडी करून ठेवलाय.

परवानगी मिळाली ती एका माणसामुळे, आणि त्या माणसाचं नि माझं कधी पटलं नव्हतं. देवीचा गुरव. उंच, वाळका, उभं आयुष्य ढोलाच्या शेजारी गेल्यामुळे कानानं अधू. लग्न होऊन आले त्या वर्षीच आमची जुंपली होती. मी ओटी भरायला चौथऱ्यावर चढायला गेले आणि त्यानं चारचौघांत हात आडवा केला. बायकांनी चौथऱ्यावर यायचं नाही. मी विचारलं, देवी बाई नाही का? तो म्हणाला, मला ऐकू येत नाही. खरोखर आलं नाही की सोंग केलं, देव जाणे. तेव्हापासून मी त्याच्या हातचा प्रसाद घेतला नव्हता. अकरा वर्षांची अढी ती, मी चांगली पोसून मोठी केलेली.

तर हा गुरव गावकीत उठला आणि म्हणाला, बाईला डबे लावू देत, राईला त्यांचा काही त्रास नाही.  नंतर वाटेत त्यानं मला थांबवलं. एकच अट होती. कुठलाही डबा पाषाणाकडे तोंड करून लावायचा नाही. देवीच्या जागेचा फोटो निघता कामा नये. शब्द द्या, म्हणाला. मी दिला. त्याला ऐकू जावं म्हणून दोनदा मोठ्यानं दिला.

आणि मोडला. खवल्याचं बीळ नेमकं चौथऱ्याच्या बुडाशी. तीन डबे लावले ते लांब. चौथा सातविणीच्या मुळांत, पाल्याआड, बिळाच्या वाटेवर धरून बांधला. त्या वाटेवर धरायचा तर पाषाण चौकटीत येणारच. वीतभर इकडे फिरवला असता तर पाषाण गेला असता, पण बीळही गेलं असतं. मी स्वतःला समजावलं की मला देवी नको, खवल्या पाहिजे. गुरवाला कोण सांगायला जातंय? त्याला शटरचा खटका ऐकूही यायचा नाही. असा हिशेब मी केला आणि हात झटकून घरी आले.

शिमग्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या वाडीतली एक पाडी बिबट्यानं मारली. झालं. बाईच्या सापळ्यातला वाघ सुटला. मी बाजाराला गेले तर बायका टोपल्या उचलून दुसरीकडे बसायला लागल्या. ज्याची पाडी गेली त्यानं शाळेच्या फाटकात उभं राहून मला ऐकवलं, की तुमच्या फोटोपायी आमची गोठ्यातली जनावरं मरायची. एका रविवारी गेले तर दोन डब्यांच्या भिंगांवर शेण थापलेलं. मी ते पालापाचोळ्यानं पुसत होते आणि तोंडानं अख्ख्या गावाचा उद्धार करत होते. ज्यांच्यासाठी मरमर करायची तेच तोंडावर शेण फासणार, आणि इथं तर शब्दशः. सातविणीतला चौथा डबा तेवढा कुणाला सापडला नव्हता.

शिमग्याला भाऊजी मुंबईहून आले आणि त्यांना आयतं कोलीत मिळालं. म्हणाले, गावात भांडण नको, देवीलाच विचारू. बाईचे डबे राईत राहावेत की नाही. मी म्हटलं विचारा. नाही म्हणायची सोय कुठं होती? सकाळी उन्हं वर आल्यावर सगळा गाव राईत जमला. गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी मागं बायकांत उभी होते. फार वेळ लागला नाही. डावी पाकळी गळून चौथऱ्यावर पडली. उजवी तशीच, जशी काही पाषाणातून उगवलेली.

डबे दोन दिवसांत काढायचे ठरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. पावसाळ्यापर्यंतचे फोटो पाहिजे होते, हातात दोन महिन्यांचे होते. आज डबे गेले, उद्या झाडं जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. भाऊजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, देवीची इच्छा. मला त्यांच्या त्या काळ्या बॅगेवर थुंकावंसं वाटलं. त्याहून जास्त राग गुरवाचा आला. गावकीत माझ्या बाजूनं उठला होता, आणि आता पाकळ्यांकडे बघत उभा होता तो मेल्या लाकडासारखा, एकदाही माझ्याकडे न बघता.

डबे काढले. चौथा काढायला मी एकटी गेले. त्यातला रोल संपलेला होता. चारही रोल रत्नागिरीला पाठवले आणि चौथ्या दिवशी पाकीट घेऊन देवरुखच्या थांब्यावर बसले. सातविणीच्या रोलात आधी पंचवीसएक फोटो पानांचे. मग एक मुंगूस. मग ते. मी आधी ओळखलंच नाही. वाटलं जुनी फणसाची साल कुणी वाटेत टाकली आहे. मग त्या सालीला नाक दिसलं, पाय दिसले. खवल्या. मातीवर पाय रोवून चाललेला, आणि शेपटीच्या मुळाशी घट्ट बिलगलेलं एक पिल्लू. नर कसला, मादी होती ती. मी थांब्यावर मोठ्यानं हसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

हसू तोंडावर असतानाच पुढचे फोटो उलटले. शेवटचे सात. कोपऱ्यात कौलाच्या दिवसाची तारीख, सकाळची वेळ, गाव जमायच्या तासभर आधीची. उजेड आला होता म्हणून फ्लॅश उडाला नव्हता. पाषाणासमोर गुरव उकिडवा बसलेला. हातात फणसाची कुयरी, म्हणजे बारका कोवळा फणस, मधोमध मोडलेली, तिच्यातून पांढऱ्या चिकाची तार लोंबते आहे. पुढच्या फोटोत त्याचा अंगठा पाषाणावर. उजव्या बाजूला. त्याच्या पुढच्यात तो बोटं तेलाच्या वाटीत बुडवून पुसतो आहे. फणसाचा चीक हाताला लागला की पाण्यानं जात नाही, तेल लागतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. आणि चिकात बसलेली पाकळी पडत नाही, हेही लागत नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. देवीची इच्छा काय? भाऊजींनी ह्याला विकत घेतला, दुसरं काय असणार! गावकीत उठून गोड बोलला, शब्द मागितला, अट घातली, आणि पाठीत सुरा. एसटी घाट चढत होती आणि मी खिडकीशी बसून वाक्यं तयार करत होते. अकरा वर्षांपूर्वी आडवा आलेला हात मला पुन्हा पुन्हा दिसत होता.

पालखी घरोघर फिरून त्या दिवशी सहाणेवर परतली होती. शिमग्यात पालखी बसवतात त्या ओट्याला आमच्याकडे सहाण म्हणतात. तिथं सगळी गावकी बसली होती, मुंबईकर बसले होते, पालखीशी गुरव होता. बायका तिथं बोलत नाहीत. मी पायातल्या चपला काढल्या आणि सरळ मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, देवीनं डावा कौल दिला म्हणून माझे डबे काढलेत ना? मग बघा तुमच्या देवीचा अंगठा. आणि पाकिटातून फोटो काढून पंचांच्या पुढ्यात टाकले.

फोटो हातोहात फिरले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कुयरी दिसत होती, चिकाची तार दिसत होती, वेळ दिसत होती.  एकानं गुरवाला फोटो दाखवून विचारलं, हे काय? गुरवानं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मला वाटलं आता म्हणेल ऐकू येत नाही. तो म्हणाला, मीच हाय. मग मान वर करून त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मला बरं वाटायला फार वेळ मिळाला नाहीच. भाऊजी उठले. फोटो त्यांच्या हातात होता आणि चेहऱ्यावर, शप्पथ सांगते, आनंद होता.

"वहिनींनी गावाचे डोळे उघडले," ते म्हणाले. "म्हणजे राईचे तिन्ही कौलसुद्धा असेच डावे पाडले यानं. देवीनं नाही म्हटलंच नव्हतं."

तेव्हा मला कळलं. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांत शेवटी, विज्ञानाच्या बाईला कळलं. तीनदा नाणं एकाच अंगावर पडलं नव्हतं. तीन वर्षं एक बहिरा माणूस पहाटे उठून कुयरी मोडत होता आणि अख्ख्या मुंबई मंडळाला एका अंगठ्यानं थोपवून धरत होता. भाऊजींनी त्याला विकत घेतलं नव्हतं. राई देवीनं राखली म्हणा, गुरवानं राखली म्हणा, मी नक्कीच राखली नव्हती. मी तर आत्ता तिच्या मुळावर घाव घातला होता, तोही चपला काढून.

मी बोलायला गेले. म्हटलं, थांबा, माझं ऐका, राईत खवले मांजर आहे, पिल्लू आहे. पण आता आवाज वाढले होते. कुणी म्हणालं, बाईंचं झालं ना बोलून. कुणी गुरवाच्या अंगावर धावून गेलं. पाडीवाला तर रडत होता, देवीच्या नावानं आम्हाला फसवलं म्हणून. तासाभरात दोन गोष्टी ठरल्या. गुरवाकडून देवीची पूजा काढून घ्यायची. आणि कौलावर आता भरवसा नाही, म्हणून राईचा निर्णय हात वर करून घ्यायचा. हात वर झाले. बायकांना हात नव्हताच.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, तरी सांगते. पुण्याला फोन केला. संशोधक हळहळला, म्हणाला एका फोटोवर प्रस्ताव होत नाही, बाई, सबंध हंगाम पाहिजे होता. मी अर्ज केले, खेटे घातले, खवल्याच्या फोटोच्या प्रती वाटल्या. लोकांनी फोटो कौतुकानं बघितला. जमीन गावकीची, गावकीचा ठराव झालेला, कागद भाऊजींच्या बॅगेत तयार. मे महिन्यात राईत करवत सुरू झाली. आमच्या स्वयंपाकघरात ती ऐकू यायची. झाड पडलं की मांडणीतली भांडी खणखणायची आणि मी हातातलं काम टाकून उभी राहायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला घरात राहवेना. मी खवल्याचा फोटो पदराखाली घेतला आणि गुरवाच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो पडवीत बसून फणस फोडत होता, साठं घालायला. कोपरापर्यंत तेल लावलेलं, पुढ्यात गऱ्यांचं टोपलं. मला बघून त्यानं पाट पुढं सरकवला. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, मला माफ करा. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं म्हटलं, तर शेजारच्या अंगणातल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या.

त्यानं कोयती खाली ठेवली. त्याचं म्हणणं शांत होतं, त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. पाडी मेल्यापासून गावाचं लक्ष राईवर होतं, डबे तिथं राहिले असते तर आज ना उद्या पहाटे कुयरी घेऊन राईत शिरताना तो स्वतःच एखाद्या फोटोत गावाला दिसला असता, म्हणून त्यानं ते काढायला लावले. एक शिमगा गेला असता, लोक विसरले असते, मग मला पुन्हा लावायला सांगणार होता.

"त्या सकाळी मी मागं वळून बघितलंसुदीक नाय," तो म्हणाला. "तुमी शबूद दिलावता."

मी फोटो काढून त्याच्या हातात दिला. राईत एक झाड पडलं, त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. मग फोटो उजेडाकडे धरला आणि त्याचा चेहरा खुलला. त्यानं शेपटीवरच्या पिल्लावर बोट ठेवलं. त्याच्या वडिलांनी त्याला एकदा दाखवली होती म्हणे अशी, लहानपणी. त्यानंतर बीळ रोज दिसायचं, पण ती कधी दिसली नाही. चौथऱ्याच्या बुडाशी पाणी जाऊ नये म्हणून पाषाण धुताना तो घागर पलीकडच्या अंगाला ओतायचा.

"ह्यो फोटो त्या दिशी व्हता तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

"होता. त्याच पाकिटात."

"मंग ह्यो का नाय काढलात?"

खोटं बोलता आलं असतं. घाईत हाताला तुमचा लागला, असं म्हणता आलं असतं. "तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं," मी म्हटलं, आणि हेही दोनदा म्हणावं लागलं.

त्यानं मान हलवली. फोटो मला परत दिला आणि कोयती उचलली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्याच्या तेलकट अंगठ्याचा ठसा त्यावर उजव्या बाजूला उमटला आहे. घरी आल्यावर मी तो पदरानं पुसून बघितला. जात नाही.